प्रेशर होतं, पाणी नव्हतं

आमच्या घरात थंडीत बादली आणि होळी पेटली की शॉवर, अशी वाटणी आहे. त्यामुळे शॉवर नेमका कधी बिघडला हे कोणालाच सांगता येईना. मार्चमध्ये मुलगा अंघोळीला गेला आणि डोक्याला शाम्पू तसाच घेऊन ओरडायला लागला, की यातून पाणी येत नाहीये, नुसतं गळतंय. जाऊन बघितलं. मधल्या भोकांमधून बारीक धारा सरळ खाली पडत होत्या आणि कडेची भोकं कोरडी ठणठणीत. खाली हात धरला तर पाण्याचा मारा असा काही लागतच नव्हता.

कोथरूडमधली आमची इमारत तीसेक वर्षांची. खाली पार्किंग, वर चार मजले, आम्ही तिसऱ्यावर. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर चहा गाळून होईपर्यंत निदान हजर: धरणातला साठा कमी झालाय, महापालिकेने दाब कमी केलाय. पुण्यात पाण्याचं काहीही बिनसलं की बोट खडकवासल्याकडे जातं. पण रस्त्यावरच्या लाइनचं पाणी आमच्याकडे आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून मोटर ते गच्चीवर चढवते आणि पुढे ते आपल्या वजनानेच घराघरांत उतरतं. वरच्या टाकीत पाणी आहे तोवर महापालिकेच्या दाबाचा आणि शॉवरचा काडीचाही संबंध नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी आमची धार थेंबभरही वाढणार नव्हती.

मग दाब किती मिळायला हवा? पाण्याची उंची दहा मीटर असेल तर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब मिळतो. आमच्या टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या वर साधारण सात मीटर: मध्ये चौथा मजला, मग गच्ची, आणि गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर टाकी. म्हणजे ०.७ किलो. हॉटेलातल्या शॉवरसारखं अंग शेकून निघणं यात कधीच बसणार नाही, पण रोजच्या अंघोळीला पुरतं आणि मागच्या उन्हाळ्यात पुरत होतं. चौथ्या मजल्यावर हीच उंची चार मीटरपर्यंत येते, म्हणून प्रेशरची रड नेहमी सगळ्यात वरच्या मजल्यावर असते आणि खालच्यांना ती नाटकी वाटते. आमच्या डोक्यावरच्या घरात विचारता आलं असतं, पण ते कुलूपबंद. काका-काकू अमेरिकेत नातवंडांपाशी.

पहिला संशय शॉवरवरच. धरणाचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, मऊ असतं. बोअरचं पाणी कातळातून झिरपून येतं, त्यात क्षार भरपूर. उन्हाळ्यात आमच्या टाकीत टँकर आणि बोअर दोन्ही मिसळतात आणि मग नळांच्या तोंडांवर पांढरे थर चढायला लागतात. शॉवर काढला, पातेल्यात गरम पाणी घेतलं, त्यात लिंबूसत्त टाकलं आणि शॉवर पालथा बुडवून ठेवला. लगेच बारीक बुडबुडे यायला लागले, म्हणजे आत चुना होताच. अर्ध्या तासाने रबराची टोकं अंगठ्याने एकेक करून चोळली, पांढरे कण सुटून आले. (रात्रभर मात्र बुडवून ठेवू नये, वरचं चकचकीत पॉलिश जातं.) परत बसवल्यावर कडेची भोकंही चालू झाली खरी, पण सगळ्या धारा सारख्याच मरतुकड्या. मग शॉवर पुन्हा काढला आणि भिंतीतून आलेला वाकडा पाईप तसाच उघडा सोडला. तरीही पाणी पाईपच्या तोंडाशीच वाकून भिंतीकडे पडत होतं. दोष शॉवरमध्ये असता तर तो काढल्यावर पाणी लांब उडायला हवं होतं.

आता घरात दोन पक्ष पडले. नवऱ्याचं म्हणणं, पाणी ठीकच आहे, तुम्हाला सवय राहिली नाही. सासूबाईंचं म्हणणं, बादलीने अंघोळ करा, ही थेरं हवीतच कशाला. ‘कमी येतंय’ हे मत झालं, त्यावर वाद घालता येतो. म्हणून लिटरच्या बाटलीने मोजून बादलीवर दहा लिटरची खूण केली आणि मोबाईलवर वेळ लावली. या बाथरूमच्या शॉवरने खुणेपर्यंत यायला तीन मिनिटं वीस सेकंद घेतली. दुसऱ्या बाथरूममध्ये त्याच कंपनीचा, एकाच दिवशी आणलेला शॉवर आहे, त्याने एक मिनिट पंचवीस सेकंद. वाद तिथेच मिटला. मग गार आणि गरम वेगवेगळं सोडून बघितलं, दोन्ही तितकंच संथ. फक्त गरमच कमी आलं असतं तर गीझरकडे, त्याच्या तोंडाशी असलेल्या, उलटा प्रवाह रोखणाऱ्या व्हॉल्व्हकडे किंवा आत साचलेल्या क्षारांकडे बघितलं असतं. दोन्ही सारखंच रडतंय म्हटल्यावर गीझर सुटला.

नेहमीचे प्लंबर आले. त्यांनी मिक्सरचं, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाचं, हँडल दोनदा फिरवलं, पाण्याकडे बघितलं आणि तीन पर्याय सांगितले. मिक्सर आतून गेला असेल, बदलून बघू. नाहीतर भिंतीतली जुनी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन गंजून बुजली असेल, टाइल्स फोडून सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची, टाकावी लागेल. नाहीतर सरळ प्रेशर पंप बसवा, विषय संपला. टाइल्स फोडायचं ऐकून सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. प्लंबरचं बोलणं हवेतलं नव्हतं. तीस वर्षांच्या लोखंडी पाईपमध्ये आतून गंजाचे फोड येतात आणि अर्ध्या इंचाच्या पाईपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते, हे मी माहेरच्या वाड्यात बघितलेलं आहे. पण तिन्ही पर्यायांत ‘बघू’ होतं आणि प्रत्येक ‘बघू’चे पैसे आम्हीच देणार होतो.

मला हवं होतं एवढंच की पाणी अडतंय कुठे ते आधी कळावं. त्यासाठी दाब मोजायचा प्रेशर गेज घ्यायला भवानी पेठेत गेले. दुकानदाराने विचारलं, “किती किलोचा?” मी म्हटलं, एक किलोच्या आतलं मोजायचंय. तो म्हणाला, “ताई, सात किलोचा घ्या, दहाचा घ्या, सगळे तेच नेतात.” पण दहा किलोच्या तबकडीवर आमचे ०.७ म्हणजे शून्याच्या जरासं पुढे, काटा हलला की नाही तेही कळणार नाही. बरीच खोकी उघडल्यावर दोन किलोचा निघाला. गेजचे आटे पाव इंची आणि बाथरूममधल्या अँगल कॉकचे (भिंतीतून निघणाऱ्या छोट्या नळाचे) अर्धा इंची, म्हणून मध्ये लावायला रिड्यूसर आणि टेफ्लॉन टेप. सगळं मिळून एका पिझ्झाच्या पैशांत आलं.

गेज लावायची जागा मात्र विचार करून ठरवावी लागते. कमोडशेजारच्या जेट स्प्रेची नळी काढली आणि त्या अँगल कॉकवर गेज बसवला. हा फाटा मिक्सरच्या आधी निघतो. म्हणजे मिक्सर, डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे वळवणारा भाग), शॉवरचा पाईप आणि शॉवर हे सगळं गेजच्या पुढे, आणि भिंतीतली लाइन, डक्टमधला (सगळ्या मजल्यांचे पाईप उतरतात त्या उभ्या पोकळीतला) पाईप, गच्चीवरची टाकी हे सगळं गेजच्या मागे.

सगळे नळ बंद ठेवून कॉक उघडला. काटा ०.८५ वर जाऊन थांबला. अँगल कॉक शॉवरपेक्षा सव्वा-दीड मीटर खाली असल्याने तो सातऐवजी साडेआठ मीटरचा दाब दाखवणार, हिशोब बरोबर जुळला. नवरा म्हणाला, “आहे की प्रेशर!” होतंच. नळ बंद असताना पाणी हलत नाही, आणि न हलणाऱ्या पाण्याला वाटेतल्या चिंचोळ्या जागेचा पत्ताच नसतो. तेव्हा काटा फक्त टाकीची उंची सांगतो. पाणी वाहायला लागलं की प्रत्येक अडचणीच्या जागी दाब खर्ची पडतो. म्हणून काटा वाहत्या पाण्यात बघायचा.

शॉवर सोडला. काटा धपकन ०.२५ वर आला. त्यातलेही निम्म्याहून जास्त शॉवरच्या उंचीपर्यंत चढण्यातच जाणार, मग भोकांपाशी उरणार काय? तोच प्रयोग दुसऱ्या बाथरूममध्ये केला, तिथे बंद असताना ०.८५ आणि शॉवर चालू असताना ०.७. मिक्सर किंवा शॉवर तुंबलेला असता तर पाणी कमी आलं असतं, पण गेजचा काटा वरच राहिला असता, कारण अडथळा गेजच्या पुढे असता. काटा पडला याचा अर्थ अडथळा मागे आहे. मिक्सर एका मिनिटात निर्दोष सुटला. राहिली भिंतीतली लाइन आणि त्याच्या वरचं सगळं. टाइल्सवरची टांगती तलवार अजून तशीच होती.

ती काढली दुसऱ्या मजल्याने. मी गेज काढायला बसले होते. आमचा प्रत्येक नळ बंद, काटा ०.८५ वर निवांत. तेवढ्यात डक्टमधून घुंऽऽ असा आवाज आला आणि कोणी हात लावलेला नसताना काटा सरसर खाली येऊन ०.२ च्याही खाली जाऊन थरथरायला लागला. पाचेक मिनिटांनी आवाज थांबला, काटा हळूहळू पुन्हा ०.८५ वर. आमच्या भिंतीतल्या पाईपमधून त्या वेळी थेंबभरही पाणी वाहत नव्हतं. तरी दाब पडतो, म्हणजे अडथळा आमच्या घरातला नाहीच. आमचं आणि खालच्यांचं पाणी ज्या एका लाइनमधून उतरतं, तिच्यातच तो आमच्या फाट्याच्या वर कुठेतरी आहे.

आमच्याकडे गच्चीवरून प्रत्येक डक्टला वेगळी लाइन उतरते. दुसरं बाथरूम आणि स्वयंपाकघर वेगळ्या डक्टवर, म्हणून तिथे सगळं छान चाललं होतं. मी तशीच खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले.

“काकू, आत्ता तुमच्याकडे पाणी चालू होतं का?”

“अगं, ह्यांची अंघोळ चालली होती. पंपाचा आवाज येतो का वर? मी म्हटलंच होतं ह्यांना.”

“पंप कधी बसवलात?”

“संक्रांत झाली आणि लगेच. धारच येईना गं. प्लंबर म्हणाला, बिल्डिंग जुनी झाली, आता पंपाशिवाय गत्यंतर नाही.”

त्यांच्याकडे बारा महिने शॉवर, त्यामुळे त्यांना जानेवारीतच कळलं. आम्ही बादलीवाले, बादली भरायला किती वेळ लागतो ते कोण बघतंय? घरी येऊन ग्रुपवरचे जुने मेसेज वर सरकवत गेले. संक्रांतीच्या आठवड्यातच गच्चीवरच्या टाकीची साफसफाई झाली होती. टाकी धुताना खाली उतरणाऱ्या सगळ्या लाइनींचे व्हॉल्व्ह बंद करतात आणि काम झालं की उघडतात. आतून गंजणारा पाईप महिन्यामहिन्याने बारीक होतो, एका आठवड्यात नाही.

पंपाबद्दल इथेच सांगून टाकते. पंप पाणी बनवत नाही. वर पाणी अडलेलं असेल तर तो त्याच फटीतून जोर लावून ओढतो आणि त्या लाइनवरच्या बाकीच्यांच्या वाट्याचंही खेचतो. काकूंची अंघोळ झकास व्हायची तेव्हा आमचा शॉवर साफ मरायचा. गच्चीवरच्या टाकीतून पाणी नीट उतरत असेल आणि तरीही चौथ्या मजल्यावर उंचीच कमी पडत असेल, तर पंपाला अर्थ आहे. तोही शक्यतो टाकीतून स्वतंत्र लाइन घेऊन.

चेअरमनकाका, वॉचमन आणि प्लंबर यांना घेऊन गच्चीवर गेलो. टाकीच्या पोटाशी आडवा पाईप, त्यातून उतरणाऱ्या दीड इंची लाइनी आणि प्रत्येकीवर पितळी गेट व्हॉल्व्ह (चक्री फिरवली की आतलं गेट खाली-वर होऊन पाणी अडतं किंवा सुटतं), चक्रीचा लाल रंग उडालेला. प्लंबरने एकेक चक्री फिरवून बघितली. प्रत्येक चक्री काही वेढ्यांनंतर घट्ट होऊन थांबत होती. आमच्या लाइनची थांबेचना. डावीकडे फिरवली तरी फिरतेय, उजवीकडे तरी फिरतेय, हाताला कसलाच ताण नाही.

“उघडाच आहे की व्हॉल्व्ह,” चेअरमनकाका म्हणाले.

“काका, चक्री उघडी आहे. आतलं गेट नाही,” मी म्हटलं.

व्हॉल्व्ह काढायचा तर टाकी रिकामी हवी, कारण टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पाणी अडवायला दुसरं काही नसतं. पुण्यात त्यासाठी मुहूर्त शोधावा लागत नाही. ‘देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ ही सूचना पेपरात यायची तशी आली आणि आम्ही तो गुरुवार धरला. एरवी बुधवारी रात्री टाकी गच्च भरून ठेवतात, ती या वेळी अर्धीच भरली. त्याआधी खजिनदारांना व्हॉल्व्हसाठी तीन कोटेशनं हवी होती. लाइन सामायिक, म्हणजे खर्च सोसायटीचा, इथवर एकमत होतं, पुढे नियम आडवे आले. शेवटी किरकोळ खर्चात बसवलं.

गुरुवारी दुपारी टाकीने तळ गाठला. तीस वर्षांचे आटे सहजासहजी सुटणार नव्हते. मोठा पाना लावल्यावर शेजारचं निप्पलच (जोडणीचा आखूड पाईप) तडकलं आणि प्लंबर नवीन आणायला खाली पळाले. व्हॉल्व्ह हातात आल्यावर मी त्याच्या तोंडातून आभाळाकडे बघितलं. वर्तुळातून स्वच्छ उजेड दिसायला हवा, त्याऐवजी एका कडेला चवथीच्या चंद्राएवढी कोर. बाकी सगळं गेटने झाकलेलं. प्लंबरने वरचा नट खोलून गेट बाहेर काढलं. हिरवट पडलेली पितळी पाचर, एका बाजूला तिरकी झिजलेली. या प्रकारात गेटला आतून आटे असतात आणि दांडा फिरला की त्यांच्यावरून गेट वर चढतं. ते आटे पूर्ण गुळगुळीत झाले होते, बोट फिरवलं तरी खाच लागत नव्हती. साफसफाईच्या वेळी बंद करताना गेट खाली गेलं, उघडताना दांडा नुसताच फिरला, आणि गेट गंजाच्या खपलीला टेकून तिरकं अडकलं म्हणून निदान ती कोर तरी उरली. पूर्ण खाली बसलं असतं तर चारही मजले त्याच दिवशी कोरडे पडले असते आणि हे सगळं एका दिवसात उरकलं असतं.

नवीन बॉल व्हॉल्व्ह बसवला, दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) देऊन, म्हणजे पुढच्या वेळी पाईप न तोडता काढता येईल. शुक्रवारी टाकी भरेपर्यंत अकरा वाजले. पाणी सोडायच्या आधी मी आमचे आणि काकूंचे शॉवर काढून ठेवायला लावले होते. ते बरं झालं, कारण खाकरत, थुंकत जे पहिलं पाणी आलं ते चहाच्या रंगाचं होतं आणि बादलीच्या तळाशी गंजाचा चुरा बसला. लाइनमध्ये अडकलेली हवा निघून जायला सगळ्यात खालचा, पहिल्या मजल्यावरचा नळ आधी उघडला.

मग पुन्हा गेज. नळ बंद असताना ०.८५, आधी होता तेवढाच, कणभरही जास्त नाही. शॉवर सोडल्यावर ०.६५. बादलीला दीड मिनिट. दुसऱ्या बाथरूमपेक्षा पाच सेकंद जास्त लागतात, ते बहुधा भिंतीतल्या जुन्या पाईपचे. त्या पाच सेकंदांसाठी मी टाइल्स फोडणार नाही.

बाकीचे गेट व्हॉल्व्हही बदलायचं कमिटीने मान्य केलंय, पुढच्या साफसफाईला टाकी रिकामी होईल तेव्हा. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाईपला समांतर असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद, हे खालून बघूनही कळतं. दर दोन-तीन महिन्यांनी तो एकदा फिरवावा लागतो, नाहीतर क्षार धरून जाम होतो. हे वॉचमनच्या वहीत लिहून दिलंय.

काकूंचा पंप मात्र अजून तिथेच आहे. तो चालू झाला की आमचा काटा ०.८५ वरून ०.७ पर्यंत उतरतो. आमचं त्याने अडत नाही, पण आता पहिल्या मजल्यावरून कुरकुर सुरू झालीय. काका म्हणतात, पैसे घातलेत, काढणार नाही. सामायिक लाइनवर थेट पंप चालू द्यायचा की नाही, हा विषय सर्वसाधारण सभेत घेतलाय. गणपूर्ती झाली तर चर्चा होईल.